आधी छप्पर, मग पडदे: गोव्याच्या हवेत जुना कॅराव्हॅन-ट्रेलर दुरुस्त करताना

डिचोली तालुक्यात २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी थांबल्या, तेव्हा ट्रक आणि बार्जांबद्दल सगळे बोलले. यार्डांच्या कोपऱ्यांत पडून राहिलेल्या लहानसहान वस्तूंकडे कुणाचं लक्ष नव्हतं. माझा ट्रेलर त्यातलाच. बारा फुटी, एकाच ॲक्सलचा, बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आतून लाकडाचा सांगाडा. सर्व्हेची माणसं त्यात नकाशे ठेवायची आणि दुपारी आडवी व्हायची. मी पाहिला तेव्हा खालच्या कप्प्यात धामणीची सबंध कात होती आणि प्रत्येक फटीत खनिजाची तांबडी धूळ. मला तो बघताक्षणी आवडला, आणि तिथूनच चुका सुरू झाल्या.

सगळ्यात मोठी चूक आधीच सांगून टाकतो. ऑक्टोबरात ट्रेलर घरी आणला, दिवाळीनंतर जमीन उखडून नवं प्लायवूड घातलं, रंग दिला, बायकोने कुणबी चौकटीच्या तांबड्या कापडाचे पडदे शिवले. मे महिन्यात येईल त्या पाहुण्याला आत नेऊन दाखवत होतो. मग पावस लागला. चवथीपर्यंत दाराजवळची जमीन चहात बुडवलेल्या पावासारखी फुगली होती. पाणी छपराच्या शिवणीतून शिरून भिंतीच्या आतल्या आत उतरत होतं; खोलीत एक थेंब दिसला नव्हता. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. थंड देशांतली मार्गदर्शकं वाचून मी उबदार भिंतींचा विचार करत बसलो होतो.

मला शेवटी शहाणं केलं ते मालीम जेटीवर ट्रॉलर दुरुस्त करणाऱ्या एका मेस्ताने. फोटो बघून म्हणाला, "पात्रांव, आदीं माथें सारकें कर, मागीर पांय." म्हणजे आधी डोकं नीट कर, मग पाय. खालचा क्रम त्याचाच आहे.

घेण्याआधी

सोबत एक टोकदार स्क्रूड्रायव्हर, लहान हातोडी आणि टॉर्च न्या. दार उघडल्यावर आधी वास घ्या. बंद गाडीचा उबट वास चालतो. कुजक्या पानांसारखा वास आला तर कुठेतरी लाकूड मेलेलं आहे. मग खिडक्यांचे खालचे कोपरे, छपराला भिंत मिळते ती रेघ, कपाटांच्या आतली मागची बाजू आणि दाराचा उंबरठा, या चार जागी स्क्रूड्रायव्हर दाबून पाहा. चांगल्या लाकडात तो अडतो, कुजक्यात लोण्यात सुरी जावी तसा जातो. विकणारा कुरकुर करेल, करू द्या. खाली वाकून चासीवर हातोडीने टकटक करत पुढून मागे जा. खणखणीत आवाज म्हणजे लोखंड शाबूत; बद्द आवाज आला की तिथे गंजाचे पापुद्रे आहेत. ओढदांडा जिथे चासीला जोडलेला असतो तो सांधा नखाने खरवडून बघा. तिथे तडा असेल तर सौदा सोडा. बाकी सगळं बदलता येतं.

बनावट ओळखून ठेवा. १९१९ पासून इंग्लंडमध्ये एकल्स कंपनीने मोटारीमागे ओढायचे कॅराव्हॅन काढले. तिथपासून बराच काळ चाललेली रीत म्हणजे लाकडी सांगाड्यावर बाहेरून पातळ पत्रा. दुसरी रीत अमेरिकेतल्या एअरस्ट्रीमच्या १९३६ च्या ‘क्लिपर’सारखी: विमानासारखं रिव्हेट मारलेलं ॲल्युमिनियमचं कवच. आपल्याकडे हाती लागतात ते बहुतेक पहिल्या रीतीचे. त्यांच्यात पत्रा नुसता अंगरखा असतो, भार लाकूड घेतं. पत्रा चकचकीत आहे म्हणून खूश होऊ नका.

कागदपत्रं त्याच दिवशी बघा. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे ट्रेलरची नोंदणी ओढणाऱ्या गाडीपासून वेगळी असते. चासीवरचा नंबर आणि आरसीवरचा नंबर स्वतःच्या डोळ्यांनी जुळवा. गंजलेला असेल तर त्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवा आणि खडू घासा, आकडे उठून दिसतात. याच कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मनाने करता येत नाही, म्हणून लांबी किंवा ॲक्सल बदलायचा विचार असेल तर आधी आरटीओत जाऊन या. किनाऱ्याकडे कधी एखाद्या परदेशी माणसाने मागे टाकलेली गाडी स्वस्तात मिळते म्हणून कानावर येतं. तात्पुरत्या परवान्यावर, कस्टमचा कर न भरता आलेली गाडी असेल तर ती फुकटही महाग.

जागा आणि वेळ

काम ऑक्टोबरात सुरू करा आणि मेच्या मध्यापर्यंत बाहेरचं कवच पूर्ण करा. आतलं काम पावसात शेडखाली चालतं. शेड नसेल तर बांबूवर ताडपत्री ओढा, पण ती पत्र्याला चिकटू देऊ नका. मध्ये हातभर तरी हवा खेळली पाहिजे. चिकटलेल्या ताडपत्रीखाली रात्रभर घाम धरतो आणि गळती नसतानाही ट्रेलर ओला राहतो. नारळाखाली उभा करू नका, हे आमच्या शेजाऱ्यांना दोनदा सांगावं लागलं.

ट्रेलर जॅकवर ठेवून कधीही खाली शिरू नका. चासीखाली चार पक्के स्टँड, त्यांच्याखाली जाड फळ्या, चाकांना ओंडके. चिऱ्याचा दगड आधार म्हणून वापरायचा मोह होतो, कारण तो अंगणात पडलेलाच असतो. चिरा ओला झाला की मऊ पडतो आणि एका बिंदूवर भार आला की फुटतो. ट्रेलरखाली चिरा नको.

सोडवणं

इथे घाई केलीत तर जोडताना दुप्पट वेळ जाईल. प्रत्येक वस्तू काढण्याआधी फोटो, काढल्यावर पिशवी, पिशवीवर मार्करने नाव: ‘डावी खिडकी, वरचे स्क्रू’. जुनी कुजकी फळीसुद्धा टाकू नका; नवी कापायला तीच साचा असते. माझी दाराजवळची फळी सफाईत भंगारवाल्याकडे गेली आणि त्या गोलाईचा अंदाज घेण्यात तीन तक्ते वाया गेले.

जुना रंग घासताना मास्क लावा, त्यात शिसं असू शकतं. चुलीच्या मागे राखाडी सिमेंटसारखा पत्रा असेल तर तो कोरडा घासू किंवा कापू नका. जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. ओला करून अखंड काढा आणि बाजूला गुंडाळून ठेवा. आणि बंद कप्प्यात हात घालण्याआधी काठी घाला.

छप्पर आणि शिवणी

बहुतेक वेळ इथेच जाणार आहे, तो जाऊ द्या.

छपराचा पत्रा भिंतीला मिळतो तिथे ॲल्युमिनियमची पट्टी स्क्रूने बसवलेली असते. ती पट्टी पूर्ण काढा. वरून सीलंटची रेघ ओढून काम भागवायचा मोह सगळ्यांना होतो आणि सगळ्यांचं छप्पर पुन्हा गळतं, कारण पाणी पट्टीखालच्या जुन्या, वाळून खडीसाखर झालेल्या मसाल्यातून शिरतं. तो मसाला हीटगनने कोमट करून लाकडी पट्टीने खरवडा. लोखंडी पटाशीने पत्र्यावर चरे पडतात. मग थिनरच्या फडक्याने पुसा, पुसलेलं फडकं काळं येणं थांबेपर्यंत.

आता ब्यूटाइल टेप. राखाडी, चिकट, च्युइंगगमसारखी पट्टी असते. ती ॲल्युमिनियमच्या पट्टीच्या आतल्या बाजूला लावा, पट्टी जागेवर धरा आणि मधल्या स्क्रूपासून दोन्ही टोकांकडे थोडं थोडं आवळत जा. दोन्ही कडांतून टेप सारखी बाहेर आली पाहिजे. जिथे बाहेर आली नाही तिथे खाली पोकळी आहे, उघडून अजून एक तुकडा घाला. बाहेर आलेली टेप लगेच कापू नका. उन्हात दोन-तीन दिवस बसू द्या, स्क्रू पुन्हा एक फेरा आवळा, मग प्लास्टिकच्या सुरीने कड साफ करा. वरून पॉलीयुरेथेन सीलंटची बारीक रेघ चालेल. सिलिकॉन मात्र छपरावर आणूच नका. ते बाथरूमसाठी ठीक आहे. पत्र्यावर काही वर्षांत सुटतं आणि त्याचा चिकट थर मागे राहतो, ज्यावर पुढे ना रंग धरतो ना दुसरं सीलंट.

स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या. पण ॲल्युमिनियमला स्टील थेट टेकलं आणि मध्ये खारट दमट हवा आली की ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झिजू लागतं. स्क्रूच्या डोक्याखाली नायलॉनचा वॉशर आणि आट्यांवर सीलंट, एवढ्याने ते बरंच टळतं. समुद्राजवळ राहत असाल तर पुढेही महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने ट्रेलर धुवा, खालूनसुद्धा.

गळती शोधायची एक युक्ती फार उपयोगी आहे. सगळ्या खिडक्या-दारं बंद करा, छपराच्या झरोक्यात पुठ्ठ्याने घट्ट बसवून एखादा ब्लोअर लावा आणि आत हवा भरू द्या. मग बाहेरून शिवणींवर साबणाचं पाणी फडक्याने पिळत जा. जिथे बुडबुडे येतात तिथे भोक आहे. खडूने खूण करा. ब्लोअर नसेल तर पाइपने पाणी मारा, पण खालून वर जात. एकेका पट्ट्यावर दहा मिनिटं, आणि आत कुणीतरी टॉर्च घेऊन बसलेलं. वरून सुरुवात केली तर सगळंच ओलं होतं आणि पाणी कुठून आलं ते कळत नाही. आमच्याकडे आत बाबा बसले होते, आणि दर दोन मिनिटांनी "आलं!" म्हणून ओरडत होते. त्यातले तीन खरे निघाले.

चासी, चाकं

गंज घासायला ग्राइंडरवर तारेचा ब्रश. चष्मा लावा, त्या तारा सुटून उडतात. हाताला लागेल एवढा सुटा गंज गेल्यावर रस्ट कन्व्हर्टर (उरलेला गंज थोपवणारं रसायन), मग इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, वरून पीयू म्हणजे पॉलीयुरेथेन रंग. जिथे लोखंड कागदासारखं झालंय तिथे वरून पट्टी वेल्ड करून झाकू नका. चांगलं लोखंड लागेपर्यंत कापा आणि तिथून नवं जोडा. वेल्डिंगच्या दिवशी लाकूड आणि वायरिंग लांब, पाण्याची बादली जवळ. पोकळ चौकोनी पाइपची चासी असेल तर तिला सर्वांत खालच्या जागी निथळायला भोकं आहेत का बघा. माझ्या चासीत ती तांबड्या चिखलाने बंद झाली होती. तारेने मोकळी केल्यावर निघालेलं पाणी बादलीभर होतं.

चाकांच्या बेअरिंगा काढून रॉकेलने धुवा. रोलरवर निळसर डाग किंवा खड्डे दिसले तर नव्या घाला, नाहीतर लिथियम ग्रीस तळहाताने दाबून आतपर्यंत भरा. बसवताना चाक हाताने फिरवत नट आवळा, मग किंचित सैल करा. चाक मोकळं फिरलं पाहिजे पण डगमगता कामा नये. स्प्लिट पिन दर वेळी नवी. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. उभ्या ट्रेलरचे टायर न झिजता म्हातारे होतात, त्यामुळे नक्षी खोल दिसते म्हणून फसू नका. सात वर्षांच्या पुढचे मी तरी वापरत नाही.

सांगाडा आणि जमीन

छप्पर पक्कं झालं, पाइपचा पाऊस पाडून दोनदा तपासलं, मगच लाकडाला हात लावा. कुजलेला भाग दिसतो त्यापेक्षा वीतभर पुढपर्यंत कापायचा. नवा तुकडा तिरकस सांध्याने जोडा: लाकूड एक इंच जाड असेल तर सांधा आठ इंच लांब. आमच्या मेस्त्रीने जुनं सागवान सुचवलं. कुणी फणसाचं घेतात. काय घ्याल ते घ्या, पण पूर्ण वाळलेलं घ्या आणि बसवण्याआधी बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्याचे दोन हात द्या. वाळवी गोव्यात भाडं न देणारी भाडेकरू आहे.

जमिनीला मरीन प्लाय, ज्यावर आयएस ७१० असा शिक्का असतो तोच. दुकानदार ‘वॉटरप्रूफ’ म्हणून दुसरं दाखवेल. वजनाचा हिशेब ठेवा: १२ मिमीचा आठ-बाय-चार तक्ता वीस किलोच्या पुढे जातो, १८ मिमीचा तिशीच्या. जमिनीखाली आडवे पाइप जवळ असतील तर बारा पुरतो. तक्ता कापल्यावर कडा हीच त्याची उघडी तोंडं. त्यांना इपॉक्सीचे तीन हात, खालच्या बाजूला दोन, आणि बोल्टच्या प्रत्येक भोकात एक.

बोटवाल्यांकडून फायबरचं काम करून घेणार असाल तर फार छान, त्यांच्यासारखं पाण्याचं ज्ञान कुणाकडे नाही. फक्त ते सवयीने स्वस्त पॉलिएस्टर रेझिन वापरतात. ते दमट लाकडाला नीट धरत नाही आणि पुढे पापुद्र्यासारखं सुटतं. लाकडावर इपॉक्सीच लावायला सांगा. स्वतः पॉलिएस्टर हाताळत असाल तर एक गोष्ट जिवाची: कोबाल्टचा ॲक्सिलरेटर आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही ओतू नका, स्फोट होतो. आधी एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मग दुसरा.

भिंतीत थर घालायचा तो थंडीसाठी नाही, उन्हासाठी. एक्सपीएसचा, म्हणजे दाट फोमचा तक्ता चांगला, कारण तो पाणी पीत नाही. काचेची लोकर घालू नका. भिजली की आतल्या आत ओला बोळा होऊन बसते. छपराला पांढरा रंग द्या. एप्रिलच्या दुपारी आतला फरक हातालाच कळतो.

वीज, गॅस

आधी कागदावर बेरीज करा. २० वॉटचा १२ व्होल्टचा पंखा आठ तास म्हणजे १६० वॉट-तास. पाच वॉटचे चार दिवे चार तास म्हणजे ८०. फोनसाठी ३० धरा. एकूण २७०, म्हणजे बारा व्होल्टवर साडेबावीस ॲम्पिअर-तास. १०० ॲम्पिअर-तासाची लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नाही, म्हणून हातात पन्नास. दोन रात्री निघतात. सोलरचा १०० वॉटचा पत्रा मार्चमध्ये हे सहज भरून काढतो; जुलैमध्ये त्याच्यावर विसंबू नका. मुख्य फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. घरून २३० व्होल्ट घेणार असाल तर ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि चासीला अर्थिंग, आणि ते काम परवानाधारक वायरमनकडून. पत्र्याच्या खोलीत, ओल्या पायांनी, विजेशी प्रयोग नकोत.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवंच, आणि ते पायपुसण्याने झाकलं जात नाही ना ते बघा. जोड साबणाच्या पाण्याने तपासा. किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाकाला गोव्यात बंदी आहे, तेव्हा चूल आत लागणारच आहे.

आतली सजावट

ज्याला जसं आवडेल तसं. कपाटांच्या मागे बोटभर जागा सोडा, नाहीतर पावसात बुरशी. पडदे मी पुन्हा शिवून घेतले नाहीत, जुनेच धुऊन लावले.

ओढणं

ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा कपलर आणि तो ज्यावर बसतो तो गाडीमागचा चेंडू एकाच मापाचे हवेत. ५० मिमीचा कपलर दोन इंची चेंडूवर बसल्यासारखा वाटतो, पण पुरता बसत नाही. सुरक्षा साखळ्या दोन, खालून फुलीसारख्या. ट्रेलर भरल्यावर पुढच्या टोकाचं वजन करा: घरचा वजनकाटा घ्या, त्यावर लाकडाचा ओंडका उभा करा, ट्रेलर सपाट ठेवून कपलर त्यावर टेका. माझा भरलेला ट्रेलर सातशे किलोचा, पुढचं वजन पन्नासच्या आसपास ठेवतो. ते फार कमी झालं की ट्रेलर मागे शेपटी हलवायला लागतो, आणि वेग वाढवून ती थांबत नाही. ॲक्सिलरेटर हळू सोडायचा, स्टिअरिंगशी झटापट करायची नाही. पाण्याची टाकी आणि डबे ॲक्सलच्या वर, मागच्या टोकाला काही जड नको.

पहिली फेरी जवळची करा. मी मयेच्या तळ्यापर्यंत गेलो, उतरून चाकांच्या मधल्या भागाला हात लावला (कोमट चालतं, चटका बसला तर बेअरिंग आवळलेली आहे) आणि चाकांचे नट पुन्हा आवळले. पन्नास किलोमीटर झाल्यावर परत एकदा. चोर्ला घाट त्यानंतर, आणि उतरताना चढताना लागेल त्याच गियरमध्ये.

दुसऱ्या फेरीत चोडणहून फेरीबोटीने रायबंदरला जायचं ठरवलं. ओहोटी होती. पाणी उतरलं की उतार उभा होतो. गाडी बोटीवर चढली, ट्रेलरची चाकंही चढली, आणि मागचं टोक काँक्रीटला घासत गेलं. बोटीवरच्या खलाशाने शांतपणे विचारलं की भरतीला का नाही आलात. आता भरतीची वेळ बघून निघतो. मागच्या कडेवर तो ओरखडा अजून आहे, रंग दिलेला नाही. उघड्या लोखंडावर प्रायमर मात्र त्याच संध्याकाळी मारला.